कुस्कोक्विमकाठी अर्जांचा दिवस

सकाळी ६.३०
बाहेर मिट्ट काळोख. फेब्रुवारीच्या मध्यावर बेथेलमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमाराला उगवतो. पश्चिम अलास्कात कुस्कोक्विम नदीच्या काठावर वसलेलं हे सहा हजार वस्तीचं गाव. अँकरेज इथून साडेसहाशे किलोमीटर, आणि तिथवर जायला रस्ता नाही. तरी आसपासच्या युपिक मूलनिवासींच्या पन्नासेक खेड्यांना दवाखाना, बाजार, विमानतळ सगळं इथेच. मी शाळांमध्ये समुपदेशक आहे. बारावीच्या मुलांना कॉलेज शोधून देणं आणि पैशांची जुळवाजुळव करणं हे माझं काम.

७.००
पहिला तास फोनचा. वॉशिंग्टनचं घड्याळ आमच्यापुढे चार तास. आमची दुपार झाली की तिथली कार्यालयं बंद व्हायला लागतात. सरकारी मदतीचा जो मूळ अर्ज आहे, त्याला सगळे ‘फाफ्सा’ म्हणतात. तो भरल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. एका मुलीच्या वडिलांचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेलं, म्हणून अर्ज अडकला आहे. बराच वेळ फोन धरून बसल्यावर कोणते कागद जोडायचे ते कळतं. मी ते वहीत लिहून घेते. ती मुलगी आज भेटणार आहे.

९.३०
खेड्याकडे निघालेल्या विमानात वैमानिक धरून सहा जण आणि मागे किराण्याची खोकी. खाली गोठलेली नदी. हिवाळ्यात तीच रस्ता होते, तिच्यावरून स्नोमशीन आणि ट्रक धावतात. माझ्या पिशवीत लॅपटॉप, कोरे अर्ज आणि स्लीपिंग बॅग. इथे फिरतीवरचा कोणीही स्लीपिंग बॅगशिवाय निघत नाही.

१०.३०
खेड्यातली शाळा. बारावीच्या वर्गात सहा मुलं. फळ्यावर मी पैशांचे झरे एकेक करून मांडते. केंद्र सरकारची पेल ग्रँट वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, गरजेनुसार, आणि ती परत करायची नाही. राज्याची अलास्का परफॉर्मन्स स्कॉलरशिप वर्षाला ७,००० डॉलरपर्यंत. ती गुणांवर आणि घेतलेल्या विषयांवर मिळते, पण राज्यातच शिकावं लागतं. प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना अलास्का विद्यापीठाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. शिवाय १९७१च्या जमीनहक्क कायद्यातून मूलनिवासींची महामंडळं उभी राहिली. या भागाचं महामंडळ कॅलिस्टा, आणि भागधारकांच्या मुला-नातवंडांना त्याच्या शिक्षणसंस्थेकडून मदत मिळते.

एक मुलगा विचारतो, “वकील व्हायचं असेल तर?” अलास्कात कायद्याचं कॉलेज नाही. पदवी इथे करून पुढे बाहेर जावं लागेल, हे त्याला सरळ सांगते. पदवीलाच बाहेर जायचं असेल, तर पश्चिमेकडच्या राज्यांमध्ये एक करार आहे. त्यात सामील असलेल्या कॉलेजांत बाहेरच्या विद्यार्थ्याला स्थानिक फीच्या दीडपटीहून जास्त भरावं लागत नाही.

१२.३०
जेवणाच्या सुट्टीत एक आजी भेटायला येतात. नातीला नर्स व्हायचंय, आजींना धास्ती वाटते. त्यांच्या लहानपणी खेड्यात हायस्कूल नव्हतं; पुढे शिकायचं तर मुलांना शेकडो कोस दूर वसतिगृहात धाडत. युकॉनच्या मुखाजवळच्या इमोनाक गावातल्या मॉली हूच आणि इतर मुलांच्या नावाने खटला उभा राहिला. १९७६मध्ये तडजोड झाली आणि खेडोपाडी हायस्कुलं आली. शिक्षण म्हणजे मूल घरापासून तुटणं, हे या पिढीने सोसलेलं आहे. म्हणून आजींची मी घाईने समजूत घालत नाही. बेथेलमध्येच विद्यापीठाची शाखा आहे, सुरुवातीचे विषय तिथे घेता येतील आणि सुट्टीत नात घरी येईल, एवढं सांगते. “आधी बेथेल,” त्या म्हणतात. आम्ही तसंच लिहितो.

२.००
एकेकाला जवळ बसवून अर्ज. इंटरनेट रेंगाळतं, भरलेलं पान पुसलं जातं, पुन्हा भरावं लागतं. एका अर्जाला घराचा रस्ता आणि क्रमांक हवा आहे. इथे पत्रं टपालपेटीच्या क्रमांकावर येतात. उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो, कारण सामन मासे आणि मूस हरणं यांच्यावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाकडे रोकड थोडी असते. सकाळच्या फोनमधल्या मुलीचे कागद मात्र जुळतात. अर्ज जातो.

४.३०
वारा वाढला, परतीचं विमान रद्द. मुक्काम शाळेच्या ग्रंथालयात.

७.००
आज बास्केटबॉलचा सामना, म्हणजे अख्खं गाव जिममध्ये. दाराशी टेबल मांडून बसते. मध्यंतरात आईबाप येतात, सह्या करतात. राज्याच्या तेलनिधीतून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला लाभांश मिळतो. त्याचा अर्ज ३१ मार्चपर्यंत भरायचा असतो, आणि त्यातला अर्धा भाग मुलांच्या शिक्षणखात्यात थेट वळवता येतो. हे पुष्कळांना आज पहिल्यांदाच कळतं.

१०.००
उद्याची यादी करते. या मुलांसाठी पैसा आहे, कायदे आहेत, जागाही आहेत. अडतं ते पैसा आणि मूल यांच्यामधल्या अंतरावर, आणि ते अंतर नुसत्या संकेतस्थळाने तुटत नाही. त्यासाठी कोणीतरी शेजारी बसून, कागद जुळवून, शेवटचं बटण दाबेपर्यंत थांबावं लागतं. मेळघाटात असो, धडगावात असो की तुमच्या गल्लीत, बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारं एखादं मूल तुमच्या ओळखीचं असेल. त्याला नुसता दुवा पाठवू नका. एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसा आणि अर्ज पुरा करूनच उठा.