बार्शी लाइटचे इंजिन आणि बंद झालेल्या किटचा शोध

कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी, कसबे तडवळे, ढोकी, मुरूड अशा क्रमाने लातूरकडे जाणाऱ्या मार्गावर आज ब्रॉडगेज गाडी धावते. २००८ साली परिवर्तन पूर्ण होईपर्यंत याच पट्ट्यात अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाइट’ होती. जुना मार्ग धाराशिव शहराला स्पर्श करीत नव्हता. परिवर्तनाच्या वेळी तो शहराजवळून नेण्यात आला. आजच्या विद्यार्थ्याने ही छोटी गाडी पाहिलेली नाही. तिच्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती आपल्या प्रदर्शनात ठेवता येईल काय, आणि तिचे तयार किट कोठे मिळेल, असे विद्यार्थी विचारतात. हा प्रश्न वरकरणी छंदाचा वाटतो. वस्तुतः तो पुराव्याचा आहे.

मूळ इंजिन कोणते?

शोधाची पहिली पायरी दुकान नव्हे, मूळ वस्तूची ओळख ही आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली.

कॅल्थ्रॉपचे सूत्र साधे होते. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. भार सारखा वाटला गेला की हलक्या व स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. या सूत्रानुसार लीड्सच्या किटसन कारखान्याने पहिली पाच इंजिने घडवली. त्यांची चाकरचना ०-८-४ टी अशी लिहितात. पुढे मार्गदर्शक चाके नाहीत, मध्ये एकमेकांना जोडलेली आठ चालक चाके आहेत, मागे आधाराची चार चाके आहेत, आणि ‘टी’ म्हणजे पाण्याची टाकी इंजिनावरच आहे, असा त्याचा अर्थ. पुढील काळात या मार्गावर निराळ्या रचनेची इंजिनेही आली. म्हणून ‘बार्शीचे इंजिन हवे’ एवढे म्हणून भागत नाही. वर्ग आणि काळ निश्चित करावा लागतो.

किट बंद का पडते?

अशा अरुंद मापाच्या इंजिनांची किटे मोठे कारखाने क्वचितच काढतात. बहुधा एखादा कारागीर घरच्या कार्यशाळेत थोड्या संख्येने ती तयार करतो. पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेले भाग आणि रबरी साच्यात ओतलेले पांढऱ्या धातूचे सुटे भाग, असे त्याचे स्वरूप असते. रबरी साचे वापराने झिजतात. कोरीवकामाचे मूळ आरेखन हरवले की पत्रा पुन्हा निघत नाही. तिसरे कारण अनेकांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ किटांत चाके व मोटार नसते. एखाद्या मोठ्या कंपनीच्या तयार सांगाड्यावर ते किट बसते. त्या कंपनीने तो सांगाडा बंद केला की किट हाती असूनही इंजिन चालत नाही. कारागीर वारला वा निवृत्त झाला, तर सारेच थांबते.

शोध कसा घ्यावा?

प्रथम निर्मात्याचे नाव, प्रमाण आणि वर्ग हे तीन तपशील लिहून काढावेत. त्यानंतर त्या निर्मात्याचे साचे व आरेखने पुढे कोणी विकत घेतली काय, हे पाहावे. अनेकदा जुने किट नव्या नावाने पुन्हा निघते. तिसरा मार्ग छांदिष्टांच्या संस्थांचा. ब्रिटनमधील ‘डबल ओ नाइन सोसायटी’ ही १९७३ पासूनची संस्था नऊ मिलिमीटर रुळांवरील प्रतिकृतींसाठीच आहे आणि सभासदांच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीची सोय करते. आपल्याकडे पुण्यातील कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून चालू आहे. प्रतिकृती म्हणजे काय हे समजण्यासाठी सहल तेथे न्यावी.

जुने किट घेताना सूचनापत्रक आहे काय, पितळी पत्र्यातून भाग आधीच कापले आहेत काय, सुटे भाग यादीप्रमाणे भरतात काय, हे तपासावे. जुन्या पांढऱ्या धातूत शिसे असू शकते. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत. डाकही कमी उष्णतेवर वितळणारे वापरावे. नेहमीच्या डाकाच्या उष्णतेने भागच वितळतो.

प्रमाणाचे गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. एकास शहात्तर या प्रमाणात रुळांतील अंतर दहा मिलिमीटर येते, पण बाजारात मिळणारा रूळ नऊचा असतो. एकास सत्त्याऐंशी घेतले, तर ते पावणेनऊ येते व नऊच्या रुळाशी जवळजवळ जुळते.

साम्य म्हणजे पुरावा नव्हे

कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ ही याच मापाची रेल्वे उभारली. ती १९०४ ते १९३४ अशी तीसच वर्षे चालली. तिच्या इंजिनांची किटे निरनिराळ्या काळी निघाली आहेत. ती बार्शीच्या इंजिनांची भावंडे शोभतात. मात्र त्यांची चाकरचना २-६-४ आहे. तसे किट हाती आले म्हणून त्यावर ‘बार्शी’ लिहून प्रदर्शनात मांडणे म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे होय. योग्य किट मिळाले नाही, तर आरेखने व जुनी छायाचित्रे जमवून पुठ्ठा, पत्रा आणि लाकूड यांतून स्वतः इंजिन घडवावे. त्यात विद्यार्थी मोजायला शिकतो, आणि प्रत्येक भागाला ‘हा असाच होता कशावरून?’ असे विचारायला शिकतो.

लीक अँड मॅनिफोल्डवर इंजिने दोनच होती. एकाला कॅल्थ्रॉपचे नाव होते, दुसऱ्याला तेथील अभियंता अर्ल याचे. त्या नावांच्या पाट्या प्रतिकृतीवरही हौसेने बसवल्या जातात. बार्शी लाइटच्या रुळांखाली खडी भरणारे गँगमन, भट्टीत कोळसा लोटणारे फायरमन, सांधे बदलणारे सांधेवाले यांच्या नावाची पाटी मात्र कोठेही नाही. याच मार्गावरील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. गावाच्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या जुंपलेल्या माणसांचा प्रश्न तेथे ऐरणीवर आला. श्रम ज्यांचे, नाव त्यांचे नाही, हा अनुभव ज्या समाजाने सोसला, त्याच्या शाळेने इंजिनाची प्रतिकृती करताना ही उणीव विसरू नये.

म्हणून प्रतिकृतीशेजारी एक नोंदवही ठेवावी. या गाडीने प्रवास केलेली, तिच्यावर राबलेली माणसे अद्याप आपल्या गावांत आहेत. त्यांची नावे, कामे आणि आठवणी विद्यार्थ्यांनी तारीख घालून लिहून घ्याव्यात आणि जे ऐकीव आहे त्यापुढे ‘ऐकीव’ असे स्पष्ट लिहावे. हरवलेले किट दहा वर्षांनीही एखाद्याच्या कपाटातून बाहेर येऊ शकते. माणसांच्या आठवणींना तेवढी सवड नसते.