टेमघरातली डिसेंबरअखेर

सकाळी 8. कल्याणहून शेअर रिक्षाने भिवंडीच्या टेमघरला उतरते तेव्हा यंत्रमागांची पाळी बदलत असते. तारवटलेल्या डोळ्यांचे कामगार टपरीवर चहाला थांबलेले. त्यांच्या मुलांसाठी आमची छोटी संस्था संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवते. मी तिची हिशेबनीस. आज 29 डिसेंबर. मार्चअखेरपर्यंत आलेल्या परदेशी पैशाचा हिशेब 31 तारखेच्या आत केंद्रीय गृहखात्याकडे गेला पाहिजे. वर्षात एक रुपया आला नाही तरी शून्याचं विवरण भरावंच लागतं.

9.30. बँकेचे उतारे. 2020च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत, संसद मार्गावर उतरते. तिथून ती आमच्या भिवंडीच्या खात्यात येते. या खात्यांत गावातल्या देणगीचे पैसे मिसळायचे नाहीत.

11. व्हाउचर. प्रशासकीय खर्चाला पूर्वी निम्म्यापर्यंत मुभा होती, आता वीस टक्के. शिक्षिकेचा पगार कामाच्या खर्चात धरतात, माझा प्रशासकीय. म्हणून माझी पगारवाढ मीच दोनदा खोडली आहे.

1.30. डबा. नवीन शिक्षिकेने विचारलं, "ताई, एवढी झडती आपलीच का?"

मी तिला दाभोळची गोष्ट सांगितली. गुहागरची माणसं अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीच्या तिथल्या वीजप्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर उतरत होती, पोलिसांचा मार खात होती. कंपनीने भारतीयांना 'समजावण्यावर' आणि प्रकल्पाच्या तयारीवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले, हे मात्र 1995 साली कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, तेव्हा आपल्याला कळलं. 2012मध्ये वॉलमार्टचंही तसंच. भारताच्या बाजारपेठेसाठी केलेल्या लॉबिंगची नोंद अमेरिकेच्या कागदांत सापडली आणि गदारोळ आपल्या संसदेत झाला.

अमेरिकेत 1938पासून कायदा आहे. परक्या सरकारसाठी किंवा परक्या मालकासाठी तिथलं राजकारण वळवणाऱ्याने दहा दिवसांत नोंदणी करायची आणि पैसा उघड करायचा. जाणूनबुजून लपवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी 2013 साली लॉबिंग उघड करायला लावणारं खाजगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. मंत्रालयात परक्या कंपनीची बाजू मांडणाऱ्याला आजही कुठल्या वहीत नाव लिहावं लागत नाही. त्या वहीची मला खरोखर गरज वाटते. माझी वही मी आनंदाने उघडी ठेवते, तशी त्याचीही असावी.

आणि पक्ष? काँग्रेस आणि भाजप यांनी परदेशी देणगीचा कायदा मोडल्याचं दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 साली म्हटलं. पुढे परदेशी पैसा कशाला म्हणायचं याची कायद्यातली व्याख्याच बदलली आणि 2018मध्ये तो बदल थेट 5 ऑगस्ट 1976पासून लागू केला. आमच्यासारख्यांकडून कायदा मोडला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे.

4. वस्तीतल्या बाया आल्या. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जाणारं पाणी टेमघरात शुद्ध होतं, यांच्या नळाला मात्र धार नाही. रास्ता रोको करणार होत्या, त्यांना आमचा फलक हवा होता. परदेशी देणगीच्या 2011च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, जेल भरो हे शब्द जसेच्या तसे आहेत. असं करणारी संस्था राजकीय ठरू शकत होती. 6 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राजकीय हेतू नसताना लोकांच्या हक्कांसाठी साथ दिली तर तेवढ्यावरून संस्था राजकीय होत नाही. तरी फलक देताना हात थरथरला. दिला.

6.30. न्यू जर्सीला फोन. तिथे सकाळचे आठ. कल्याणला माझ्याच शाळेत शिकलेल्या ताईंनी त्यांच्या इथल्या जुन्या खात्यातून आमच्या स्थानिक खात्यात दहा हजार भरले होते. त्यांच्या यजमानांकडे भारतीय पासपोर्ट आहे. म्हणून यजमानांच्या बचतीतली देणगी देशी धरतात. ताईंनी अमेरिकी नागरिकत्व घेतलंय, त्यांचा रुपया परदेशी.

"म्हणजे मी परकी झाले गं?"

"तुम्ही नाही, ताई. पैसे. सीएंना विचारलंय, परत पाठवते. दिल्लीच्या खात्यात भरा."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खाते क्रमांक पाठव."

8. पाळी पुन्हा बदलली. वर्गातली मुलं पाढे म्हणतायत. उद्या बारा वाजता सीएंची सही.