मास्तरांची परीक्षा कोणी घ्यावी?

शाळेवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर उत्तर सरळ आहे : काही नाही. सातवीनंतर आम्ही शाळा सोडली आणि लेथवर उभे राहिलो. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे. मात्र माणसाच्या कामाचे माप कसे घ्यावे, या एका प्रश्नावर आम्ही तीस वर्षे भांडत आलो आहो. आमच्या खात्यात तपासायला दोन माणसे येत. एक साहेब स्टॉपवॉच घेऊन पाठीमागे उभा राही, वहीत आकडा टिपी आणि निघून जाई. दुसरा म्हातारा मिस्त्री. हत्यार बोथट झाले आहे हे तो आवाजावरून ओळखी. मशीन थांबवी, हत्यार घासून देई आणि पुढचा नग आपल्या देखत काढून घेई. काम सुधारले ते कोणामुळे, हे सांगायला नको.

शाळेतही हा स्टॉपवॉचवाला फार जुना आहे. इंग्लंडात १८६२ साली नियम झाला की, निरीक्षकाने प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणितात परीक्षा घ्यावी आणि मूल नापास झाले की त्या मानाने शाळेचे अनुदान कापावे. मग मास्तर बाकीचे विषय बाजूला सारून तेच ते पुस्तक घोकून घेऊ लागले. निकालावर पैसे देण्याची ही रीत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी बजावले की, शिक्षणाची ओढच नसलेल्या लोकांत ही रीत उपयोगाची नाही. तेथे मास्तराचे पोट भरायचे नाही. ज्या वस्तीतली मुले गुरांमागे जातात तेथे निकाल लावायचा कशाचा? पुढे १९०४ च्या सरकारी ठरावात ही पद्धत मोडीत काढण्याचे ठरले.

पण मोडीतला माल नवा रंग देऊन पुन्हा बाजारात येतोच. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात मुलांच्या चाचण्यांतील गुणांवरून प्रत्येक शिक्षकाचा आकडा काढीत. गणित एका खाजगी कंपनीचे, आणि तेही गुप्त! शिक्षकांची युनियन कोर्टात गेली. आपला आकडा बरोबर की चूक हे पडताळण्याचे साधनच शिक्षकाच्या हाती नाही, असे न्यायाधीशांनी मे २०१७ मध्ये म्हटले. त्याच वर्षी तडजोड होऊन, न पडताळता येणाऱ्या अशा आकड्यावर कोणाला काढणे बंद झाले.

तर मग माप नकोच काय? येथे आम्हाला आमच्याच मंडळींशी थोडे वाकडे बोलावे लागेल. एकदा एका कामगाराची नोकरी आम्ही जिद्दीने वाचविली. त्याच्या हलगर्जीपणामुळे शेजाऱ्याच्या बोटांना धोका आहे हे साऱ्या खात्याला ठाऊक होते, आम्हालाही होते. आम्ही जिंकलो, हारही घातले. शेजाऱ्याने मात्र त्यानंतर आमच्याशी बोलणे टाकले. वर्गात त्या शेजाऱ्याच्या जागी चाळीस मुले असतात आणि त्यांची युनियन नसते.

म्हणून ओहायो राज्यातील टोलेडो गावाची हकीकत सांगतो. १९८१ साली तेथील शिक्षक-युनियनने व्यवस्थापनाशी करार केला. नव्या शिक्षकाला पहिले वर्ष अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली द्यायचे. या अनुभवी माणसाला तीन वर्षे आपल्या वर्गातून मोकळीक; काम एवढेच की नवख्याच्या वर्गात वारंवार बसावे, धडा कोठे अडला ते सांगावे, स्वतः शिकवून दाखवावे. तीन वर्षांनी त्याने पुन्हा आपल्या वर्गावर जायचे, साहेब व्हायचे नाही. (आमच्या मते साऱ्या योजनेतली ही सर्वांत शहाणपणाची अट.) जुन्या शिक्षकांपैकी ज्याचे अगदीच बिघडले असेल त्यालाही हीच मदत. शेवटी नोकरी राहील की जाईल हे नऊजणांचे मंडळ पाही : पाच युनियनचे, चार व्यवस्थापनाचे, आणि निर्णयाला सहा मते हवीत. म्हणजे युनियनला एकटीने कोणाला पाठीशी घालता येत नाही आणि साहेबांना एकट्याने कोणाला घालविता येत नाही. आपल्याच सभासदाला काढण्याच्या बाजूने हात वर करायला काय लागते, ते युनियन चालविणाऱ्यालाच कळेल.

अशाने मुलांचे काही भले होते काय? त्याच राज्यातील सिनसिनाटी शहरात वर्षातून तीनदा बाहेरचा अनुभवी शिक्षक आणि एकदा मुख्याध्यापक वर्गात येऊन बसत व कामाबद्दल सविस्तर सांगत. तेथील मुरलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तपासणीच्या वर्षी, आणि तपासणी संपल्यावर त्याहूनही अधिक, मुलांचे गणित सुधारले होते. वाचनात फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. खर्च मात्र येतो. चांगला शिक्षक वर्गाबाहेर काढला की त्याच्या वर्गाला दुसरा द्यावा लागतो.

आपल्या जिल्हा परिषदांत केंद्रप्रमुख हे पद आहेच. आसपासच्या शाळांत जाऊन शिक्षकांना शिकविण्यात साहाय्य करावे, हाच त्याचा हेतू. पण शिक्षकमित्रांना विचारा, तो शाळेत आला की पहिल्याने काय मागतो? माहितीचे तक्ते. ते काम कारकुनाकडे द्या, आणि केंद्रप्रमुखाला आठवड्यातून निदान एक धडा दुसऱ्याच्या वर्गात, त्याच्या देखत शिकवायला लावा. पुढच्या वाटाघाटीत शिक्षक संघटनांनी पगारवाढीच्या मागणीखाली ही मागणी लिहावी, आणि तिच्याखाली सहा मतांची.