पहिला कॅमेरा घेतलाय? रोज वापरायची कॅमेरा बॅग कशी निवडायची

मोबाईलवर फोटो काढता काढता एक दिवस आपल्याला 'खरा' कॅमेरा घ्यावासा वाटतो. महिनाभर रिव्ह्यू बघायचे, ईएमआयचं गणित जुळवायचं आणि शेवटी कॅमेरा घरी येतो. पहिले दोन आठवडे तो सगळीकडे सोबत असतो. नंतर मात्र बऱ्याच जणांचा कॅमेरा कपाटात जातो आणि फोटो पुन्हा मोबाईलवरच निघायला लागतात. विचारलं तर उत्तर येतं, 'वेळच मिळत नाही रे.' पण खोलात गेलं की कळतं, कॅमेरा रोज सोबत न्यायची सोयच केलेली नसते.

मोबाईल खिशातून काढून फोटो घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात. कॅमेरा काढायला सॅक उतरवा, चेन उघडा, टॉवेलमध्ये गुंडाळलेला कॅमेरा सोडवा असं करत अर्धा मिनिट गेला, तर प्रत्येक वेळी मोबाईलच जिंकणार. म्हणून बॅग ही कॅमेऱ्यानंतरची सगळ्यात महत्त्वाची खरेदी आहे असं मला वाटतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि फोटोग्राफी माझा छंद. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली हे सगळं रोज पाठीवर असतं आणि त्यातच कॅमेराही. मित्रांपैकी कोणी नवीन कॅमेरा घेतला की 'बॅग कुठली घेऊ?' हा प्रश्न माझ्याकडे येतोच. माझं उत्तर दोन वाक्यांचं आहे. आज जेवढं सामान आहे तेवढंच नीट मावेल अशी लहानात लहान, पटकन उघडणारी बॅग घ्या. आणि घरी आल्यावर कॅमेरा त्या बॅगेत ठेवू नका. हे असं का, ते आता एकेक करून बघूया.

आधी सामान मोजा, मग लिटर बघा

कॅमेरा बॅगा लिटरमध्ये विकल्या जातात : ३ लिटर, ६ लिटर, १० लिटर, २० लिटर. नवीन माणसाला या आकड्यांवरून काहीच अंदाज येत नाही. पण हिशोब सोपा आहे. १० सेंमी लांब, १० सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच अशी जागा म्हणजे १ लिटर. पट्टी घ्या आणि आपलं सामान मोजा.

उदाहरण म्हणून कॅनन आर ५० हा मिररलेस कॅमेरा घेऊ. १८-४५ मिमी किट लेन्स लावलेली असताना त्याला साधारण १२ × ९ × ११ सेंमी जागा लागते. गुणाकार केला तर जवळपास १२०० घन सेंमी, म्हणजे १.२ लिटर. सोबत ५५-२१० मिमीची झूम लेन्स असेल तर तिचा अर्धा लिटर. जास्तीची बॅटरी, चार्जर, मेमरी कार्ड, पुसायचं कापड यांचा अजून अर्धा. एकूण झाले २.२ लिटर. मधली पार्टिशनं आणि बोटं घालायला जागा हवी म्हणून दीडपट करा, म्हणजे ३.३ लिटर. हा कॅमेरा दोन्ही लेन्सेससह ४ लिटरच्या बॅगेत आरामात बसतो. कॅनन १५०० डी सारखा डीएसएलआर असेल तर तो उंचीला आणि खोलीला मोठा, त्यामुळे ६ लिटरपर्यंत जा.

आता वजन. आर ५० बॅटरी आणि कार्डासकट साधारण ३७५ ग्रॅम, किट लेन्स १३० ग्रॅम, झूम लेन्स २७० ग्रॅम. सगळं मिळून पाऊण किलोच्या थोडं वर. एवढ्या सामानासाठी दीड-दोन किलोची, जाडजूड फोमची बॅग घेतली तर तुम्ही कॅमेऱ्यापेक्षा बॅगच जास्त वाहून नेताय.

ऑनलाईन घेताना एक गोष्ट नक्की बघा. काही ठिकाणी बॅगेची फक्त बाहेरची मापं दिलेली असतात. जाड पॅडिंगमध्ये प्रत्येक बाजूला एक-दीड सेंमी सहज जातो. आपल्याला आतली मापं हवीत.

'पुढे मोठी लेन्स घेईन की' याचं काय?

मोठी बॅग घेण्यामागे नेहमी हेच कारण असतं. पण रिकामी जागा कधी रिकामी राहत नाही. १० लिटरच्या बॅगेत ट्रायपॉड येतो, फ्लॅश येतो, पॉवर बँक येते, मग बॅग जड होते आणि मग ती घरीच राहते.

अंदाजावर जाऊ नका, डेटा बघा. प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते. कुठला कॅमेरा, कुठली लेन्स, किती मिमी, शटर स्पीड किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. फोटो मोबाईलवर घेतलेत तर गॅलरीत किंवा गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवा, यातली बरीचशी माहिती दिसेल. गेल्या महिन्यातले पन्नास फोटो असे चाळा. त्यातले पंचेचाळीस किट लेन्सने काढलेले निघाले, तर झूम लेन्स रोज पाठीवर कशाला? ती सहलीला न्या. रोजची बॅग आणि सहलीची बॅग या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि आपण आत्ता रोजच्या बॅगेबद्दल बोलतोय.

तीन पर्याय

पहिला पर्याय, स्लिंग बॅग. एकाच पट्ट्याची, तिरकी अडकवायची. मागे असते तेव्हा पाठीवर, फोटो काढायचा तर सरकवून पोटावर. खाली न ठेवता कॅमेरा काढता येतो, हा मोठा फायदा. तोटा असा की सगळं वजन एकाच खांद्यावर येतं. दीड किलोपर्यंत ठीक, त्यापुढे संध्याकाळपर्यंत मान बोलायला लागते. कॉलेजला जाताना वेगळी सॅक असतेच, अशांना ही दुसरी बॅग सांभाळणंही जिकिरीचं होतं.

दुसरा पर्याय, कॅमेरा बॅकपॅक. दोन खांद्यांवर वजन विभागलं जातं, लॅपटॉपचा कप्पाही असतो. घ्यायची तर बाजूने उघडणारी घ्या, म्हणजे एक पट्टा सोडून सॅक पुढे घेतली की कॅमेरा हाताशी येतो. पूर्ण पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक चोरीच्या दृष्टीने चांगली, पण प्रत्येक वेळी खाली ठेवावी लागते. रस्त्यावर, चिखलात, गर्दीत ते जमत नाही.

तिसरा पर्याय माझा आवडता : कॅमेरा इन्सर्ट. हा फोमचा, आत वेल्क्रोची पार्टिशनं असलेला चौकोनी खण असतो. तो आपल्या नेहमीच्या सॅकमध्ये ठेवायचा. बहुतेक वेळा पूर्ण बॅगेपेक्षा बराच स्वस्त पडतो. शिवाय बाहेरून बघणाऱ्याला ती साधी ऑफिसची किंवा कॉलेजची सॅकच दिसते. ज्यांना रोज एक सॅक न्यावीच लागते त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

कॅमेऱ्यासाठी 'कॅमेरा बॅग'च हवी असं काही नाही, याचा एक मजेदार दाखला आहे. बिलिंगहॅम ही इंग्लंडमधली कॅमेरा बॅगांची नावाजलेली कंपनी. १९७३ मध्ये तिची सुरुवात झाली ती मासेमारीच्या बॅगांपासून. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कमधले फोटोग्राफर त्याच बॅगा कॅमेऱ्यासाठी घेतायत. मग ते कॅमेरा बॅगांकडे वळले.

दुकानात या पाच गोष्टी करून बघा

शक्य असेल तर बॅग दुकानात जाऊन बघा आणि कॅमेरा सोबत न्या.

१. तळ दाबून बघा. बॅग आपण जोरात टेकवतो ती तळावरच. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तळाचा फोम दाबला आणि दोन्ही बोटं एकमेकांना लागली, तर पॅडिंग कमी आहे.

२. लेन्स लावलेला कॅमेरा आत ठेवून चेन लावा. चेन लावताना ती कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर किंवा लेन्सवर घासत असेल तर माप लहान आहे.

३. बॅग अंगावर अडकवून, बॅगेकडे न बघता कॅमेरा काढा आणि परत ठेवा. दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर दुसरी बॅग बघा.

४. पट्टा बघा. तो रुंद हवा, शिलाई दुहेरी हवी आणि जिथे बॅगेला जोडलाय तिथे आडवी-तिरकी शिवण हवी. बॅगा फाटतात त्या बहुधा याच जागी.

५. चेन दहा वेळा उघडबंद करा. कोपऱ्यावर अडकत असेल तर ती पुढे त्रास देणार.

पाऊस, लोकल आणि स्कूटर

परदेशी रिव्ह्यूंमध्ये आपल्या या तीन गोष्टी सहसा नसतात.

पाऊस : 'वॉटर रेझिस्टंट' आणि 'वॉटरप्रूफ' यांत फरक आहे. पहिल्याचा अर्थ थोडा वेळ रिमझिम सहन होईल, एवढाच. जुलैमधल्या सरीत पाणी शिवणीतून आणि चेनमधून आत येतं. त्यामुळे रेनकव्हर हवंच. सोबत एक जाड प्लॅस्टिकची पिशवीही ठेवा, अगदी धो धो आला तर कॅमेरा सरळ तिच्यात. आणि ओलं रेनकव्हर घडी करून कॅमेऱ्याच्याच कप्प्यात कोंबू नका.

लोकल आणि एसटी : गर्दीत बॅग पुढे घ्या, चेन अंगाच्या बाजूला ठेवा. मोठ्ठा लोगो असलेली बॅग 'आत कॅमेरा आहे' असं ओरडून सांगते. साधी काळी-करडी बॅग बरी. दोन चेनच्या टोकांना छोटी क्लिप लावली तर मागून हात घालणं अवघड होतं.

स्कूटर : कॅमेरा डिकीत ठेवू नका. सीटखालच्या डिकीला इंजिनची उष्णता लागते आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट बसतो. बॅग अंगावर असली की बराचसा धक्का आपलं शरीर खातं.

विमानाने जाणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा : सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हँडबॅगेतच न्याव्या लागतात. लहान कॅमेरा बॅग इथेही सोयीची पडते.

घरी आल्यावर कॅमेरा बाहेर काढा

आता सुरुवातीला सांगितलेलं दुसरं वाक्य. बॅग ही ने-आण करण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. फोम आणि कापड ओलावा धरून ठेवतात. बंद बॅगेत अंधार असतो, हवा खेळत नाही. लेन्सवर बुरशी यायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

हवेतली आर्द्रता बराच काळ ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचा धोका वाढतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ती ८० टक्क्यांच्या पुढे जाणं नेहमीचंच. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर समजा बुरशी लागली. ती काचेवरचं कोटिंग खाते आणि एकदा कोटिंग गेलं की साफ करूनही लेन्स पूर्वीसारखी होत नाही. माझ्या एका मित्राची लेन्स पावसाळाभर बॅगेत राहिली आणि गणपतीत बाहेर काढली तेव्हा आत जाळं होतं. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्याने ती तशीच ठेवून दिली.

उपाय महाग नाही. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. सिलिका जेलचे नारंगी मणी हिरवे झाले की ते ओलावा पिऊन भरले, मग बदला. बॅग पावसात भिजली असेल तर सगळी पार्टिशनं काढून पंख्याखाली पूर्ण वाळवा.

एकाच वेळी बंद बॅग फायद्याची असते : एसीतून दमट हवेत येताना. गार कॅमेरा लगेच बाहेर काढला तर गार पाण्याच्या बाटलीसारखे त्यावर थेंब जमतात. वीस-तीस मिनिटं बॅग बंदच ठेवा, कॅमेरा बाहेरच्या तापमानाला आला की काढा.

पैसे देण्याआधी एक आठवडा

बॅग आजच ऑर्डर करू नका. एक आठवडा कॅमेरा तुमच्या आत्ताच्या सॅकमध्ये न्या, जाड टॉवेलचा किंवा जुन्या स्वेटरचा खण करून. रोज रात्री मोबाईलच्या नोट्समध्ये तीन गोष्टी लिहा : कॅमेरा किती वेळा काढला, काढायचा होता पण काढला नाही असं किती वेळा झालं, आणि कुठली वस्तू उगाच वाहून नेली.

आठवड्याने यादी वाचा. सॅक उतरवायचा कंटाळा आला म्हणून फोटो राहिले असतील तर स्लिंग घ्या. टॉवेलचीच काय ती कटकट वाटली असेल तर इन्सर्ट पुरे. लॅपटॉप आणि कॅमेरा एकत्र मावतच नसतील तर बाजूने उघडणारी बॅकपॅक. बजेट कमी असेल तर खर्चाचा क्रम असा ठेवा : आधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, मग इन्सर्ट, मग रेनकव्हर. भारी बॅग कधीही घेता येईल, तोवर कॅमेरा रोज तुमच्यासोबत फिरतोय हे महत्त्वाचं.