सदर लेख कोणी वाचला?

नागपूरच्या सदरवर लेख लिहून तो इंटरनेटवर टाकायचा म्हणजे आपल्याच हातानं विहिरीत ढकलायचा. आम्हाला हे फार उशिरा कळलं. मराठीत 'सदर' या शब्दाला इतकी कामं आहेत, की एका वस्तीचं नाव त्यात चेंगरून जातं. सरकारी कागदात 'सदर अर्जदार' असतो, वर्तमानपत्रात साप्ताहिक सदर असतं, वाड्यात कारभार चालायचा ती जागा म्हणजेही सदर. छावणीतल्या मुख्य बाजाराला सदर बाजार म्हणत, म्हणून तो साताऱ्यात आहे, जालन्यात आहे, सोलापुरातही आहे. 'सदर आरोपीला सदर पोलिसांनी अटक केली' या वाक्यातला कोणता सदर कुठला, हे नागपूरच्या 'मंगळवारी बाजारा'त भाजी घेणाऱ्या माणसाला विचारावं लागत नाही. गुगलला मात्र ते आजही नीट कळत नाही.

रेसिडेन्सी रोडवरून आत वळलं की एका गल्लीत आमच्या लहानशा नियतकालिकाचं ऑफिस आहे. मध्यंतरी जुनी वेबसाइट बदलून नवी करायची ठरली आणि इतक्या वर्षांचे लेख तिकडं हलवायची वेळ आली. घर बदलताना माळ्यावरचे डबे उघडावे लागतात, तसं झालं. संगणकाचं काम बघणाऱ्या पोरानं सगळ्या लेखांची यादी काढली, सर्वांत कमी वाचले गेलेले वर घेतले आणि म्हणाला, "सर, हे तर कोणी वाचूनच नाही राहिलं. उडवून टाकू का?"

यादीत अगदी वरच्या बाजूला आमचा 'सदर : काल आणि आज' होता. त्याच्या आसपास टाकळीच्या जीवाश्मांवरचा लेख, मारबतीवरचा, नागपूर करारावरचा, कपाशीच्या किडींवरचा आणि 'उन्हाळ्यात घ्या ही काळजी' छापाचे पुष्कळ. तीन महिन्यांत हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच वाचक मिळालेले. पोराचं चुकलं नव्हतं. पण 'कमी वाचक' ही एकच खूण घेऊन पाच वेगवेगळे रोगी एकाच खाटेवर झोपवले होते.

आता कोणी म्हणेल, राहू द्या की पडून. संगणकावर ठेवायला काय भाडं पडतं? जागेचं भाडं जवळपास पडत नाही, हे खरं. भाडं पडतं ते दुसऱ्या गोष्टींचं. प्रत्येक लेख नव्या साच्यात बसवावा लागतो, त्यातले फोटो शोधावे लागतात, तुटलेले दुवे जोडावे लागतात. आणि गुगल एखाद्या वेबसाइटकडं पाहतं तेव्हा सगळा संसार पाहतं. ऑगस्ट २०२२ मध्ये गुगलनं आपल्या शोधपद्धतीत बदल केला, तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, की वाचकाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर ढिगानं असेल तर त्याच वेबसाइटवरचे चांगले लेखही मागं पडू शकतात आणि तो ढीग काढला तर फायदा होऊ शकतो.

हे ऐकून अनेकांनी कुऱ्हाडी परजल्या. तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या 'सीनेट' या अमेरिकी वेबसाइटनं २०२३ मध्ये हजारो जुने लेख काढून टाकले. गुगलमध्ये आपण वर यावं, हा हेतू. बातमी फुटल्यावर गुगलच्याच माणसांनी सांगितलं, की लेख जुना आहे एवढ्यासाठी तो काढावा असं आम्ही कधी म्हटलेलं नाही. म्हणजे अडचण निरुपयोगी मजकुराची होती आणि शिक्षा जुन्याला झाली. वयाची आणि गुणाची ही गल्लत फक्त अमेरिकेतच होते असं नाही.

ग्रंथपालांना हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून पडलेला आहे. वाचनालयातल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती उघडली की पुस्तकाची नाडी लागते : शिक्क्यांची दाटी, मग दोन शिक्क्यांत वर्षाचं अंतर, मग कोरा कागद. जागा संपते, कपाटं वाकतात आणि कोणती पुस्तकं बाद करायची यावर बैठक बसते. कार्यालयीन भाषेत याला 'निर्लेखन' म्हणतात. शब्द ऐकूनच कोणाचं तरी लिहिलेलं पुसलं जातंय असं वाटतं. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठानं १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांचा पुढं सहा-सात वर्षं माग काढला, तेव्हा त्यातली सुमारे ४० टक्के पुस्तकं एकदाही घरी नेली गेली नव्हती. अहवाल १९७९ मध्ये पुस्तकरूपानं आला आणि त्या मोजणीवर टीकाही भरपूर झाली. पण हसावं की रडावं असा तो आकडा आहे, कारण ती पुस्तकं कोणीतरी विचार करूनच निवडली होती.

ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं दुसरं प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतं आणि तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. दुसरं सगळ्यांना पटतं, तिसरं अवघड जातं. पुस्तकाला वाचक मिळाला नाही तर दोष पुस्तकाचा नसून गाठ घालून देणाऱ्याचाही असू शकतो, असं ते गुपचूप सांगून जातं.

म्हणून आम्ही यादी उलटी धरली. प्रत्येक लेखाला विचारायचं, बाबा, तुला वाचक का नाही?

सदरच्या लेखाचं उत्तर वर आलंच आहे. मथळा देखणा होता, छापील अंकात शोभलाही असता, कारण तिथं शेजारी फोटो होता आणि वाचक नागपूरचाच होता. इंटरनेटवर मथळा एकटा फिरतो. त्याच्यासोबत ना फोटो असतो ना गाव. त्याच लेखाचं नाव 'नागपूरचा सदर बाजार आणि रेसिडेन्सी रोड' असं केलं की शोधणाऱ्याला धरायला दोन-तीन काठ्या मिळतात. आत एक ओळही बदलावी लागत नाही. मराठीत तर हा घोळ अधिकच, कारण आपण एकेक नाव चार प्रकारे लिहितो. सीताबर्डी, सिताबर्डी, सीताबल्डी. आणि बोलताना नुसतं बर्डी. लेखात एकच रूप असेल तर उरलेल्या तिघांनी शोधणारे वाचक परत जाण्याची धास्ती.

यादीतल्या कितीतरी लेखांचा आजार त्याहून विचित्र निघाला. ते वाचताच येत नव्हते. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टांत टाइप व्हायचा. पडद्यावर देवनागरी दिसायची, पण आत साठवलेली अक्षरं रोमन चिन्हांची खिचडी असायची. तो फॉण्ट संगणकात नसेल तर सगळा लेख कोणीतरी कीबोर्डवर मांजर सोडल्यासारखा दिसतो. गुगलच्या लेखी तो मराठी नाहीच. असे लेख 'लोकांनी नाकारलेले' म्हणून उडवणं म्हणजे दाराला बाहेरून कुलूप लावायचं आणि पाहुणे आले नाहीत म्हणून रुसायचं. ते युनिकोडमध्ये बदलून घ्यायचे. जोडाक्षरं आणि रफार हमखास तुटतात, त्यामुळं माणसानं एकदा वाचावं लागतंच. कंटाळवाणं काम आहे. पोरानं हे ऐकून जो चेहरा केला, तो इथं छापण्यासारखा नाही.

मारबतीचा लेख वेगळाच. तो वर्षातले जवळजवळ सगळे दिवस झोपलेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक रस्त्यावर निघते, तेव्हा एक-दोन दिवस धो-धो वाचला जातो आणि पुन्हा झोपतो. आम्ही मोजणी तीन महिन्यांची घेतली होती, त्यात पोळा आलाच नाही. नागपूर कराराचंही तेच. २८ सप्टेंबर १९५३ च्या ज्या करारामुळं विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं, त्याची आठवण डिसेंबरातल्या अधिवेशनात होते. विधानभवनासमोर गाड्यांची रांग लागते, सदरपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत रस्ते अडतात आणि हे अधिवेशन नागपुरात का भरतं, असं अडकलेल्या माणसाला वाटू लागतं. असे लेख मोजायचे तर सबंध वर्षाचे मोजावेत.

टाकळीचा लेख मात्र कोणत्याही ऋतूत गर्दी खेचणार नाही. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचाराच्या जोडीला त्याला दगडांचा नाद होता. त्या काळी शहराबाहेर असलेल्या टाकळीच्या थरांतून त्यानं जीवाश्म वेचले, त्यावर लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात लिहिलं आणि दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले जुन्या तळ्यांचे अवशेष जगापुढं आले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. आज सदरहून काटोल रोडकडं निघालात तर टाकळीवरून जाल आणि पोलीस लाइनच्या वस्तीत त्याची एकही खूण दिसणार नाही. हा लेख वाचणारा म्हणजे भूशास्त्राचा एखादा विद्यार्थी किंवा परीक्षेला बसलेला कोणी. महिन्याला एक-दोन. पण मराठीत ही माहिती त्यांना दुसरीकडं सहज मिळणार नाही. आणि आकड्यांच्या आणखी एका रकान्यात दिसतं, की आलेला माणूस शेवटच्या ओळीपर्यंत थांबतो. उन्हाळ्याच्या काळजीवाल्या लेखावर शंभर जण आले तरी पान पुरतं उघडायच्या आत निघून जातात. यांतला कोणता लेख वाचला गेला?

आता कपाशीचा लेख. त्यालाही वाचक एखाददुसराच आणि इथं माझं मत बरोबर उलट आहे. तो एक वाचकसुद्धा जास्त होता. लेख जुना, आणि त्यात किडींसाठी एंडोसल्फान फवारायचा सल्ला. सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०११ रोजी त्या कीटकनाशकाचं उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. आमचा लेख मात्र शांतपणे तोच सल्ला देत बसला होता. आपण चुका शोधतो त्या गाजलेल्या लेखांत, कारण तिथं वाचक पत्र लिहून झापतात. ओसाड लेखातली चूक कोणी दाखवत नाही, ती वर्षानुवर्षं तशीच राहते. औषधाची मात्रा, फवारणी, सरकारी योजनेच्या अटी, अर्जाची फी असं काही असलेला लेख, वाचक असोत नसोत, आधी तपासायचा. दुरुस्त होत नसेल तर काढायचा. त्यासाठी सभा नको.

२०२१ च्या कोविड लाटेत आम्ही खाटा आणि ऑक्सिजनच्या याद्या टाकल्या होत्या. त्यांचं काय? फोन लागणार नाहीत, माहिती शिळी. पण उद्या कोणी त्या उन्हाळ्याचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला नेमक्या याच याद्या लागतील. त्या ठेवल्या, वर ठळक तारीख घातली, 'ही माहिती तेव्हाची आहे' अशी ओळ टाकली आणि फोन क्रमांक झाकले.

उरला भरताड. उन्हाळ्याची काळजी, परीक्षेचा ताण घालवण्याचे दहा उपाय, संत्र्याचे फायदे. हे कोणीतरी गुगलला खूश करायला लिहिले होते आणि गुगलही खूश झालं नाही. 'कोणीतरी' म्हणजे आम्हीच. एकट्या संत्र्यावर सात लेख निघाले, सातही एकमेकांची उष्टी. त्यातलं कामाचं एकात घेतलं आणि बाकीचे काढले. जीव तुटला नाही.

काढायची पण एक रीत आहे. लेखाचा पत्ता नुसता नाहीसा केला तर येणाऱ्याला ४०४ दिसतो, म्हणजे दार ठोठावलं आणि आतून उत्तरच नाही. लेख दुसऱ्यात मिसळला असेल तर जुन्या पत्त्यावर ३०१ लावायचा. पोस्टमनला नवं घर सांगून ठेवण्यातला प्रकार, पत्र तिकडं पोचतं. जाणूनबुजून कायमचा काढला असेल तर ४१०. घरच पाडलंय, पुन्हा चकरा मारू नका. आणि लेख राहू द्यायचा पण गुगलला दाखवायचा नाही, अशीही सोय असते, दारावरची पाटी उतरवावी तशी. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०१३ सालच्या पानांपैकी ३८ टक्के सापडलीच नाहीत. त्यातली किती विचार करून काढली असतील आणि किती आमच्या पोरासारख्या उत्साही हातांनी उडाली असतील? काढण्याआधी एक प्रत इंटरनेट आर्काइव्हला द्यायला दोन मिनिटं लागतात.

हे सगळं चालू असताना मला सारखे श्रीधर व्यंकटेश केतकर आठवत होते. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संसार त्यांनी १९१६ मध्ये नागपुरातच मांडला, कंपनी काढून, वर्गणीदार गोळा करत; पुढं तो पुण्याला हलला. २३ खंड झाले. त्यातले हजारो लेख असे, की वर्षानुवर्षं कोणी पान उलटलं नसेल. केतकरांना ते ठाऊक असणारच. त्यांनी काय केलं, तर बाविसावा अख्खा खंड सूचीला दिला. लेख कमी केले नाहीत, तिथवर जायच्या वाटा वाढवल्या. आज तो ज्ञानकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो.

आमच्यापाशी खंड नव्हता, शोधायची एक चौकट होती. पोरानं तिथं हिस्लॉप, हिसलॉप आणि हिस्लोप अशी तिन्ही रूपं भरली, टाकळी आणि टाकळघाट वेगवेगळे ठेवले. सदरच्या लेखाला नवं नाव दिलं. चार दिवसांनी त्यानं आकडे आणून दाखवले. वाचक वाढले होते, पण त्यातले निम्मे बहुधा आमच्याच ऑफिसातले होते, बरोबर दिसतो का ते बघायला गेलेले. मारबतीच्या लेखाकडं अजून कोणी फिरकलेलं नाही. पोळ्याला वेळ आहे.