मोजणारी स्लाइड

पडद्यावर गुलाबी बोंडअळीचं मोठं छायाचित्र आणि शेजारी औषधाचं नाव, एवढ्यावर धडा संपला तर पाहणाऱ्याला अळी ओळखता येईल, पण फवारणी करायची की नाही हे ठरवता येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरसारख्या कापसाच्या तालुक्यात हा फरक जिवावर बेतू शकतो. 2017 च्या हंगामात या जिल्ह्यातली पऱ्हाटी बोंडअळीने पोखरली, आणि त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. कृषितज्ज्ञांचा सल्ला असा असतो: शेतात फिरून 20 हिरवी बोंडं तोडायची, फोडून पाहायची, आणि त्यांत 2 किंवा जास्त किडकी निघाली, म्हणजे 10 टक्क्यांची आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली, तर औषधाचा विचार करायचा. ही मोजून ठरवण्याची गोष्ट आहे. ती शिकवणारी स्लाइडही मोजणारी हवी, आणि त्यासाठी शाळेतल्या शिक्षकांनी व शेतीशाळा घेणाऱ्यांनी पॉवरपॉइंटमधला मॅक्रो शिकून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

मॅक्रो म्हणजे व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेल्या थोड्या ओळी. ही सोय पॉवरपॉइंटमध्ये 1997 च्या आवृत्तीपासून आहे. स्लाइडवर बोंडाच्या 20 आकृत्या काढायच्या आणि ‘इन्सर्ट’मधल्या ‘अ‍ॅक्शन’मध्ये जाऊन सगळ्यांना एकच मॅक्रो जोडायचा: क्लिक केलेलं बोंड किडकं की चांगलं हे तो रंग बदलून दाखवतो आणि मोजणीत धरतो. वीस आकृत्यांसाठी वीस मॅक्रो लागत नाहीत, कारण क्लिक कोणत्या आकृतीवर झाली हे पॉवरपॉइंट मॅक्रोला स्वतः कळवतं. ‘सुरू करा’ या बटणाचा दुसरा मॅक्रो काही बोंडांवर किडकं असल्याची अदृश्य खूण यदृच्छेने टाकतो आणि मागच्या खेळाचे रंग व आकडे पुसतो. हे पुसणं विसरून चालत नाही. शो चालू असताना बदललेला मजकूर शो संपल्यावरही फाइलमध्ये तसाच राहतो. मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडथळा येतो. मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. म्हणून मराठी वाक्यं स्लाइडवरच्या लपवलेल्या चौकटींत ठेवावीत आणि मॅक्रोने ती तिथून उचलावीत. शिवाय ट्रान्झिशनमधली ‘क्लिकवर पुढे’ ही खूण काढून टाकावी, नाहीतर बोंडाऐवजी मोकळ्या जागी बोट पडलं की स्लाइड पुढे सरकते.

एवढा खटाटोप कशाला, ट्रिगर लावलेलं अ‍ॅनिमेशन आहेच की, असं कोणी म्हणेल. चित्रावर क्लिक करून नाव दाखवायचं असेल तर ट्रिगरच वापरावा. तिथे मॅक्रोचं काही काम नाही. पण ट्रिगर आकडा धरून ठेवत नाही. तो किडकी बोंडं दर वेळी त्याच जागी दाखवतो, आणि दुसऱ्याच फेरीत मुलं जागा पाठ करतात. मॅक्रो प्रत्येक खेळात नवं शेत मांडतो, उघडलेलं बोंड दुसऱ्यांदा मोजत नाही, आणि 20 पुरी होईपर्यंत निर्णयाचं बटण दाबूच देत नाही. मोजणी पुरी व्हायच्या आधी फवारणीकडे धावण्याची सवय इथेच अडवता येते.

सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे. 1999 मध्ये मेलिसा हा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता, आणि 2022 पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट मुळातच अडवतं. हा अडसर योग्यच आहे, आणि अनोळखी फाइलीसाठी तो कोणी काढू नये. वर्गातल्या संगणकावर स्वतः लिहिलेल्या ओळींना परवानगी देणं ही वेगळी गोष्ट. मोबाइलवर मॅक्रो चालत नाहीत हेही खरं, त्यामुळे घरच्या अभ्यासाला ही फाइल उपयोगी नाही. ती वर्गातल्या मोठ्या पडद्यासाठी आहे, जिथे एकाने बोंड निवडायचं आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा. पडद्यावरचं बोंड खऱ्या बोंडाची जागा घेत नाही, हा आक्षेपही मला मान्य आहे. पण शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा शेतात पेरणी चालू असते, फोडून पाहायला बोंड नसतं. मोजायची रीत तोवर अंगवळणी पडलेली बरी.

ज्या शिक्षकांना हे करून पाहायचं असेल त्यांनी फाइल पीपीटीएम या प्रकारातच साठवावी, कारण नेहमीच्या पीपीटीएक्समध्ये साठवली की मॅक्रो गळून पडतात. आणि ती दुसऱ्या शाळेला देताना मॅक्रोला कुलूप घालू नये, म्हणजे घेणाऱ्याला आतली प्रत्येक ओळ वाचून मगच परवानगी देता येईल.