तसबिरीची पाठ

ज्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत, त्या घराच्या माजघरांत छतालगत किंचित् पुढें झुकलेल्या तसबिरींची एक रांग असावयाचीच. मध्यें एखादें रामपंचायतन, बाजूस लक्ष्मी-सरस्वती, आणि त्यांच्या शेजारीं वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें. १८७८ सालीं पुण्यास निघालेला चित्रशाळा छापखाना आणि १८९४ सालीं मुंबईंत सुरू होऊन पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला रविवर्म्यांचा छापखाना यांनीं ही रांग घरोघर पोंचविली. या तसबिरींचें तोंड आपण नित्य पाहतों. पाठ मात्र दिवाळीपूर्वीं जळमटें काढावयाच्या दिवशींच, आणि तीहि ओझरती, दृष्टीस पडते. आज आम्ही वाचकांस त्या पाठीकडे पाहण्याची विनंती करणार आहों. चित्र किती दिवस टिकणार आणि त्याच्यापायीं कोठल्या रानांतलें झाड पडलें, हें समोरून कळत नाहीं. पाठीमागून बरेंचसें कळतें.

या विषयाकडे आमचें लक्ष एका घरगुती अपराधामुळें गेलें. कांहीं वर्षांपूर्वीं घरांत मुंज निघाली. भिंतींस नवा रंग दिला, आणि त्या रंगावर काळवंडलेल्या सागवानी चौकटी कोणासच शोभेनात. पांच तसबिरी दुकानांत गेल्या व चार दिवसांत सोनेरी वेलबुट्टीच्या चकचकीत चौकटींत परत आल्या. "जुनीं लांकडें नेतां का?" असें दुकानदारानें विचारलें होतें, आम्हींच "नको" म्हटलें, हें येथें कबूल केलेलें बरें. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस सोनेरी पापुद्रा सुटूं लागला, कोपरे उघडले, आणि आजी-आजोबांच्या छायाचित्रांत आजींचा गाल व खांद्यावरचा पदर कांचेस घट्ट चिकटला. जुन्या छायाचित्राच्या वरच्या थरांत जिलेटिन असतें; तें दमट हवेंत फुगतें, आणि चित्र व कांच यांच्यामध्यें पुठ्ठ्याची कडा नसली कीं कांचेस धरून बसतें. (जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांचा सरस. आमच्या सोंवळ्या आजींस हें ठाऊक असतें, तर त्या छायाचित्रास बसल्या असत्या कीं नाहीं याची आम्हांस शंकाच आहे.)

ही सोनेरी चौकट लांकडाची नव्हती. आजकाल बाजारांत येणाऱ्या पुष्कळशा पट्ट्या पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे थर्मोकोल ज्यापासून होतो त्याच द्रव्याच्या असतात. त्यांपैकीं बऱ्याच टाकाऊ थर्मोकोल वितळवूनच केलेल्या असतात. केराचें सोनें केलें म्हणून या धंद्याचें कौतुक करावें, असें आम्हांसहि प्रथम वाटलें. परंतु ती पट्टी एकदां तडकली कीं तिला रंधा लागत नाहीं, खिळा धरवत नाहीं, आणि रंग व पापुद्रा चढलेला तो तुकडा भंगारवालाहि सहसा उचलीत नाहीं. म्हणजे केर कमी झाला नाहीं. चार वर्षें आपल्या भिंतीवर वस्तीला राहून गेला, इतकेंच. दुसरा प्रकार एम्‌डीएफ्‌च्या फळीचा. लांकडाचा बारीक कीस रासायनिक डिंकांत दाबून ती करतात, आणि त्या डिंकांत बहुधा फॉर्माल्डिहाइड असतें. तिच्यावर कागदी वेलबुट्टी चिकटविली कीं दिसावयास ती सागवानाहून देखणी. पण दिवसभर ती कापणाऱ्या कारागिराच्या नाकांत काय जातें? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें लांकडाच्या धुळीस १९९५ सालीं व फॉर्माल्डिहाइडला २००४ सालीं कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातलें. उसाच्या चिपाडाच्याहि अशा फळ्या निघतात व त्यांत झाड वांचतें हें खरें. परंतु डिंक बहुधा तोच असल्यामुळें कारागिराचें संकट टळत नाहीं.

मग खऱ्या लांकडाची चौकट घेतली म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. तेंहि इतकें सोपें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील चौकटकारांचें आवडतें लांकूड म्हणजे रामिन. फिक्या रंगाचें, सरळ रेषांचें, गांठ नसलेलें. यंत्रांत घातलें कीं हवी ती नक्षी निघावी. हें झाड बोर्निओ, सुमात्रा व मलाया येथील दलदलीच्या रानांत वाढतें, आणि त्यांपैकीं बोर्निओ व सुमात्रा येथील रानांत ओरांगउटान राहतो. चोरटी तोड इतकी बोकाळली कीं २००१ सालीं इंडोनेशियानें आपल्या रामिनास 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत घातलें, व २००४ सालीं बँकॉकच्या परिषदेंत सर्वच रामिनाच्या व्यापारावर परवान्याचें बंधन आलें. कोण्या एका दिवाणखान्यांतील निसर्गदृश्याला शोभिवंत कड हवी म्हणून खरा निसर्ग उजाड व्हावा, यांतील विसंगति आम्ही विस्तारानें सांगत बसत नाहीं.

आमच्याकडे यास एक उत्तम तोड आहे, आणि ती आपण डोळ्यांदेखत जाळीत आहों. पुण्यांतील व नाशकांतील जुने वाडे पडतात तेव्हां त्यांचीं तुळयांचीं, दारांचीं व कठड्यांचीं सागवानी लांकडें बाजारांत येतात. शंभर वर्षें वाळलेलें हें लांकूड आतां आक्रसावयाचें नाहीं. ओल्या लांकडाच्या चौकटीचे कोपरे पहिल्या उन्हाळ्यांत उघडतात, ते याचे उघडत नाहींत. आणि सागाच्या अंगच्या तेलामुळें वाळवीहि लवकर धजत नाहीं. अशा लांकडाची बारीक पट्टी कोणताहि जाणता सुतार काढून देतो.

बारीक म्हणण्यास कारण आहे. चौकटीचा प्रत्येक कोपरा तिरपा कापावा लागतो. त्यामुळें चित्राच्या घेराखेरीज पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी अधिक लागते, आणि त्यांतील निम्में लांकूड त्रिकोणी तुकड्यांच्या रूपानें खालीं पडतें. बारा इंच बाय सोळा इंचांच्या चित्राचा घेर छप्पन्न इंच. दोन इंच रुंद पट्टी घेतल्यास सोळा इंच अधिक. पाऊण इंचाची घेतल्यास सहाच इंच. गृहिणींस हा हिशेब चोळीच्या कापडावरून अधिक सांगावयास नको.

आतां पाठीकडे वळूं. मुंजीच्या त्या धांदलींत आमच्या थोरल्या काकूंनीं आपल्या खोलींतील एक तसबीर "सासूबाईंनीं लावलेली आहे, ती हलायची नाहीं" म्हणून देऊं केली नव्हती. आमची फजिती झाल्यावर ती आम्हीं मोठ्या आदरानें उतरविली व उघडली. चौकट जशीच्या तशी होती. मात्र पाठीस खोक्याच्या देवदारी फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि त्यांतील गांठ होती बरोबर तेवढ्या जागीं सरस्वतीच्या वीणेवर तपकिरी डाग उमटला होता. जुनें तें सारें सोनें, या समजुतीसहि तेथें तडा गेला. लांकडांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. लांकूड जुनें होत जातें तशीं त्यांतून आम्लें सुटतात आणि शेजारचा कागद पिंवळा व ठिसूळ करतात. स्वस्त पुठ्ठाहि लांकडाच्याच लगद्याचा, म्हणून तोहि तेंच करतो. चित्राभोंवतीं जी तपकिरी रेघ कालांतरानें उमटते ती धुळीची नसून या पुठ्ठ्याची असते.

यावर उपाय कापसाचा. पुण्यास शिवाजीनगरांत १९४० सालीं स्थापन झालेल्या हातकागद संस्थेनें सुती चिंध्यांपासून कागद करण्याची विद्या पुन्हा उभी केली. शिंप्याच्या व गिरणीच्या कातरणीचा हा कागद. त्यापायीं एकहि झाड तोडावें लागत नाहीं, आणि कापसांत लिग्निन जवळजवळ नसतेंच. अशा जाड कागदाची खिडकी चित्रावर ठेविली कीं कांच चित्रापासून दूर राहते. मात्र हातकागद म्हटला म्हणजे निर्धोक, असें समजूं नये. खळ देतांना त्यांत तुरटी घातलेली असल्यास तोहि आम्लधर्मी होतो. म्हणून विकत घेतांना हें विचारावें. विचारल्यानें दुकानदार हंसतो, पण पुढील खेपेस माल पाहून आणतो.

चित्र पाठीच्या पुठ्ठ्यास सबंध चिकटविणें हा तर निव्वळ अन्याय होय. वरच्या कडेस पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या लावून तें टांगावें, आणि त्यांस गव्हाच्या चिकाची खळ वापरावी. वस्तुसंग्रहालयांत जुने कागद दुरुस्त करणारे लोक गव्हाचेंच पीठसत्त्व शिजवून वापरतात. कुरडयांसाठीं आपण काढतों त्याचाच हा भाऊ, फक्त आंबविलेला नाहीं. पन्नास वर्षांनींहि ती पाण्याच्या बोटानें सुटते. चिकटपट्टी मात्र सुटत नाहीं, डाग ठेवून जाते. लांकडास झिलई चपड्या लाखेची द्यावी. पळस, बोर व कुसुम यांवरील किड्यांपासून ती मिळते, स्पिरिटांत विरघळते, आणि उतरवून पुन्हा देतां येते. जुनी कांच शाबूत असल्यास तीच धुवून बसवावी.

आमच्या आजींचें चित्र कांचेपासून सोडविण्याचा प्रयत्न आम्हीं केला नाहीं. ओढल्यास थर फाटतो असें जाणत्यांनीं बजाविलें. कांचेसकट त्याची प्रत घेतली व मूळ कपाटांत उभें करून ठेविलें आहे. काकूंच्या सरस्वतीस मात्र देवदारी फळ्या काढून कापसाच्या कागदाची नवी पाठ बसविली. डाग आहे तो आहेच. पाठीवरच्या कागदावर काकूंनीं शिसपेन्सिलीनें तिथि व वार लिहिला, खालीं "खळ गव्हाची, फळी काढली" असें लिहिलें, आणि तसबीर पुन्हा त्याच खिळ्यावर गेली.